डाव्या पायाचा बोर्ड

कुंदाने गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलखालचं रबर सोलून काढलं, तळ स्पिरिटने पुसला आणि वेलक्रोची पट्टी अंगठ्याने दाबत बसवली. साड्यांना फॉल लावून सरावलेला हात होता, पट्टी कुठे वाकडी गेली नाही.

तिचा नवरा मोरेश्वर खुर्चीतून बघत होता. ऑर्केस्ट्रात वीस वर्षं त्याने ही सहा पेडलं उजव्या पायाने दाबली होती. मधुमेहापायी तो पाय दोन महिन्यांपूर्वी घोट्यापासून कापावा लागला.

“गच्च नको चिकटवूस,” तो म्हणाला. “विकत घेणारा उद्या येतोय. तो त्याच्या सोयीने लावेल.”

सहाही पेडलं पायाशी ठेवायच्या बोर्डावर लावून झाल्यावर तिने तो उलटा धरून झटकला. एकही पडलं नाही. मग तिने तो त्याच्यासमोर ठेवला.

“अगं, उलटी लावलीस. उजवीकडची सगळी डावीकडे आलीत.”

“तुमच्या डाव्या पायाशीच हवीत ना,” ती म्हणाली. “त्या घेणाऱ्याला येऊ नका म्हणून कळवलंय मी.”

मग त्याने डाव्या पायातली चप्पल काढली आणि पाऊल पहिल्या पेडलवर टेकवून पाहिलं.

“हे जरा अलीकडे घे,” तो म्हणाला. “आणि मग गच्च दाब.”