सव्वा सेकंद

पडद्यावर कारखान्यातली प्रेस खाली आली आणि मग भोंगा वाजला.

"पुन्हा उलटंच," मुकुल म्हणाला. "आधी भोंगा पाहिजे, यार."

साडेदहा झाले होते. दुपारी दोनला सांवेर रोडच्या कारखान्यात ही ॲनिमेशन फिल्म कामगारांना दाखवायची होती. चित्रं काढणाऱ्या बाईंनी चित्रं वेगळी पाठवली होती, आवाज वेगळा. मुकुलने दोन्ही एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतले. सुरुवात जुळायची. मग आवाज थोडा थोडा मागे पडायचा. अर्ध्या मिनिटावर, नेमका अपघाताच्या जागी, फरक सव्वा सेकंदाचा व्हायचा.

दारामागच्या स्टुलावर पंढरीनाथ बसले होते. अकराला बोलावलं होतं, ते साडेनऊलाच अन्नपूर्णा भागातल्या मुकुलच्या या खोलीत येऊन बसले होते. फिल्ममधला कामगार म्हणजे तेच. आठ महिन्यांपूर्वी त्या प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. प्रेसचा नियम साधा होता. आधी भोंगा वाजणार, मग ती खाली येणार. वाजला की हात बाहेर. चौकशीत लिहिलं गेलं, भोंगा वेळेवर वाजला, कामगाराने हात काढला नाही.

पंढरीनाथांना भोंगा ऐकल्याचं आठवत नव्हतं. घरचे म्हणाले, लक्ष नसेल. सोबतचे म्हणाले, लक्ष नसेल. बावीस वर्षं त्याच मशीनवर काढलेला माणूस शेवटी स्वतःच म्हणू लागला, लक्ष नसेल.

आज फिल्मच्या शेवटी जोडण्यासाठी कॅमेऱ्यासमोर त्यांना तेच बोलायचं होतं. "भोंगा वाजला, पण माझं लक्ष नव्हतं. तुम्ही असं करू नका." एवढं बोलले की गेटवरची नोकरी पक्की. हातातला कागद पाहून ते पुटपुटत होते.

"काका, जरा चुप बसा ना. मला ऐकू येत नाही."

"मग तुझंही नाव रिपोर्टात घालतील, भिया."

मुकुल हसला नाही. त्याने आवाज मागे सरकवला, तर सुरुवात बिघडली. आवाज आखडून पाहिला, तर भोंगा बकरीसारखा ओरडला. त्याने सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून घेतलं. फरक तोच, सव्वा सेकंद. कपाळाचा घाम पुसत त्याने चित्रं मोजायला घेतली, आणि मोजता मोजता थांबला. बाईंनी सेकंदाला चोवीस चित्रं काढली होती. सॉफ्टवेअर ती पंचवीसच्या हिशोबाने पळवत होतं. चित्र पुढे धावत होतं, आवाज बिचारा आपल्या चालीनं येत होता.

"सापडलं, काका. सेटिंगमध्ये एक आकडा बदलायचा, बस."

बदलण्याआधी खात्रीसाठी त्याने तो तुकडा पुन्हा लावला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. पंढरीनाथ स्टुलासकट दाराआड झाकले गेले. यशवर्धन साहेब आत आले. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. चौकशीचा रिपोर्ट त्यांनीच लिहिला होता.

"झालं का रे? खाली गाडी रस्त्यातच उभी करून आलोय."

पडद्यावर कामगाराने हात आत घातला. प्रेस खाली आली. मग भोंगा वाजला.

साहेबांच्या बोटावर फिरणारी गाडीची किल्ली थांबली.

"परत लाव."

मुकुलने लावलं. हात. प्रेस. भोंगा. साहेबांनी बाहेर एक नजर टाकली आणि खुर्चीच्या अगदी जवळ आले. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"काय, सर?" मुकुलला काहीच कळेना.

"भोळा बनू नकोस. भोंगा लेट वाजत होता, हे मला माहीत आणि मेंटेनन्सवाल्याला. तिसरा माणूस नाही. त्याच रात्री दुरुस्त करून घेतला मी. तुला कुणी सांगितलं, बोल?"

मुकुलचा हात माऊसवर तसाच राहिला. त्याची नजर साहेबांच्या मागे गेली होती. दार आतून कुणीतरी हळूच लोटलं होतं. पंढरीनाथ उभे होते. हातातल्या कागदाची त्यांनी शांतपणे घडी घातली.

"तुम्हीच, साहेब," ते म्हणाले. "आत्ता."