यादीत सगळ्यात वर

माझे मिस्टर अजिनाथ घरून नोकरी करतात, म्हणून आठ महिने झाले, आमच्या सोलापूरच्या दोन खोल्यांत सगळे कुजबुजत बोलतात. सासूबाई तर टीव्हीवरची मालिका आवाज बंद करून बघतात.

मिस्टरांच्या कॉम्प्युटरवर आयकॉन नाहीत, मेनू नाही, नुसता काळा स्क्रीन. दोन बटणं दाबली की प्रोग्रॅमची यादी येते, त्यातून हवा तो उघडायचा. “जे जास्त वापरतो ते आपोआप वर येतं, वेळ वाचतो,” हे त्यांनी मला चारदा ऐकवलंय. माझा बार्शीच्या शाळेतल्या नोकरीचा फॉर्म भरून द्यायला मात्र या वाचलेल्या वेळातला अर्धा तास कधी निघाला नाही.

आज शेवटची तारीख, आणि हे मंगळवेढ्याला लग्नाला गेलेले. फोनवर म्हणाले, “तू हात लावू नको. तुला जमणार न्हाय, माझं सगळं काम बिघडवून ठेवशील.”

जमणार न्हाय म्हणे. मी दोन बटणं दाबली. यादीत सगळ्यात वर पत्त्यांचा गेम, त्याखाली कॅरम, त्याखाली क्रिकेट. ऑफिसच्या कामाचा प्रोग्रॅम पार तळाशी होता. मी फॉर्म भरला आणि पाठवून दिला.

संध्याकाळी हे आले, थेट खोलीत शिरले आणि दार लावता लावता म्हणाले, “आवाज करू नका, कामाला बसतोय.”



“बसा की, डाव अर्धा राहिला असंल,” मी म्हटलं आणि सासूबाईंच्या टीव्हीचा आवाज पार शेवटपर्यंत वाढवला.