गळ्यावरची फुली

मोठ्या सरांनी रुग्णाच्या गळ्यावर दोन बोटं फिरवली, पेनानं छोटीशी फुली मारली आणि हात पुढे केला. "सुई."

सुई काही हातात पडली नाही. धाकटी डॉक्टर सोनोग्राफीचं मशीन ढकलत खाटेपाशी आली होती.

"सर, एकदा बघून घेऊ का? दोनच मिनिटं."

"अगं, तुझं वय नसेल एवढी वर्षं गळे हाताळतोय मी!" सिस्टर हसली, तसे सर आणखी खुलले. "बघ बाई, बघ. होऊन जाऊ दे तुझी हौस."

बारा दिवस व्हेंटिलेटरवर असलेला माणूस. तोंडातली नळी काढून तिच्याऐवजी दुसरी गळ्यातून थेट श्वासनलिकेत घालायची, एवढंच काम. सरांच्या हातचा मळ.

धाकटीनं फुलीवर मशीनचा प्रोब टेकवला. पडद्यावर श्वासनलिका दिसली. आणि तिच्या अगदी पुढ्यात, करंगळीएवढी जाड रक्तवाहिनी! चांगली ठोके देत होती. फुली नेमकी तिच्यावरच. आता बोला!

धाकटीनं नुसता पडदा सरांकडे वळवला. बोलली असती तर परवडलं असतं. सरांनी स्पिरिटचा बोळा घेऊन आपल्याच हातानं फुली पुसली.

"तूच सांग, कुठं ते."

तिनं बोटभर वर खूण केली. पडद्याकडे बघत बघत सरांनी नळी बसवली. थेंबभरही रक्त वाया गेलं नाही.

बाहेर रुग्णाची बायको बाकावरून धडपडत उठली. सगळं नीट झाल्याचं कळताच तिनं हातच जोडले. "तुमच्या हाताला यश आहे हो, डॉक्टर!"

"आहेच मुळी," धाकटी पटकन म्हणाली. ती सांभाळून घेत होती त्यांना. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कसलं यश!" ते म्हणाले. "मी खूण केली होती तिथं रक्तवाहिनी होती. हिनं मशीनवर पाहिली म्हणून वाचले ते. नाहीतर माझ्याच हातून गेले असते."

बाईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग तिलाच त्यांची कीव आली असावी.

"जाऊ द्या हो. आधी कुठं होती असली मशीनं? तुम्ही तरी काय करणार?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सरांना ती हलवता येईना.

"होतं मशीन," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली येऊन. आजवर मीच हात लावू देत नव्हतो कुणाला."

बाईचे जोडलेले हात सावकाश खाली आले.

"मग या दोन वर्षांतले... सगळे वाचले ना हो?"