अर्धी भरलेली भिंत

काँक्रीटचा मिक्सर दोनदा कण्हला आणि बंद पडला. मालखाझने इंजिनाचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि झाकण तसंच उघडं टाकून मागे सरला.

“गेला, जुंबेरसाहेब. आज काही हा उठत नाही.”

बालवाडीमागच्या डोंगराला आधार देणारी भिंत निम्मी भरून झाली होती. उरलेल्या साच्यात नुसत्या सळया उभ्या होत्या. नगरपालिकेतर्फे जुंबेर या कामावर देखरेख करत होता. ओल्या मालावर ओलाच माल पडायला हवा. आत्ता थांबलं तर भिंतीत सांधा राहील, तिथून पाणी शिरेल, आणि एखाद्या पावसाळी रात्री डोंगर बालवाडीच्या अंगणात उतरेल.

“गावात दुसरा मिक्सर असेल ना?” मालखाझने विचारलं.

“एकच आहे. बिचिकोचा.”

मालखाझ कोरडं हसला. नदीपलीकडे बिचिकोच्या अंगणात मांडव घातला होता. आज त्याच्या मुलीचं, तेकलेचं लग्न. बिचिको गावचा जुना कंत्राटदार. भिंतीचं कामही त्यालाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. पण निविदा ऑनलाइन निघाली, संगणकावर बोली खाली खाली येत गेली, आणि शेवटच्या फेरीत दूरच्या गुरिया प्रांतातला हा मालखाझ बिचिकोच्याही खाली उतरून काम घेऊन गेला. तेव्हापासून गाव मालखाझशी बोलत नव्हतं आणि बिचिको जुंबेरशी.

“मी गेलो तर मिक्सर राहिला बाजूला, मारच खाऊन येईन,” मालखाझ म्हणाला.

“मी जातो.”

“तुम्हाला बोलावणं होतं?”

जुंबेर पुलाकडे चालू लागला.

मांडवाच्या तोंडाशी तो थबकला. लांबच लांब टेबलं, भाजलेल्या मांसाचा धूर, गावातला एकूण एक माणूस. एकेक करत माना वळल्या.

सगळ्यांत आधी उठली ती तेकले. पांढरा झगा दोन्ही हातांनी उचलून ती धावतच आली. जुंबेर तिचा धर्मपिता; बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानेच तिला हातांवर धरलं होतं. आज त्याचे हात सिमेंटने भरले होते, म्हणून त्याने ते पाठीमागे नेले. तरी तिने त्याला मिठी मारलीच.

“आलात ना, काका!”

“सुखी राहा, पोरी,” तो म्हणाला. मग तिच्या खांद्यावरून त्याने बिचिकोकडे पाहिलं. “मिक्सर हवाय. भिंत अर्धी भरून अडकलीय.”

बिचिको जागचा उठला नाही. “मग त्या संगणकाला सांग की, लेका! भिंतही ऑनलाइन भर म्हणावं.”

मांडवात हशा पिकला. जुंबेर तसाच उभा राहिला. हशा ओसरला तेव्हा बिचिकोने वेगळ्याच आवाजात विचारलं, “साच्यात माल ओला आहे?”

“आहे अजून.”

बिचिको कोटाचे खिसे चाचपू लागला. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या एका म्हाताऱ्याने ग्लास भरून जुंबेरपुढे धरला. लग्नघरी आलेला माणूस कोरडा परत जात नाही. जुंबेरने हात पुसून पुढे केला.

“ठेवा तो ग्लास खाली,” बिचिको म्हणाला. “साहेब ड्यूटीवर आहेत.”

म्हाताऱ्याने आधी बिचिकोकडे पाहिलं, मग जुंबेरकडे. ग्लास टेबलावर ठेवला.

मिक्सरची किल्ली द्यायला बिचिको फाटकापर्यंत आला. इथे कुणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

“बोली चालू होती तेव्हा मी तुला फोन केला होता.”

“माहीत आहे.”

“चार वेळा केला.”

“मला काही सांगता आलं नसतं, बिचिको. तुझ्यासमोर कोण बोली लावतंय ते मलाही दिसत नव्हतं. दिसलं असतं तरीही...”

“मी कुठे काही विचारणार होतो? तीस वर्षांचा धंदा डोळ्यांदेखत जात होता.” त्याने किल्ली जुंबेरच्या तळहातावर ठेवली. “नुसतं हॅलो म्हणाला असतास.”

जुंबेरने किल्लीवर मूठ मिटली. बिचिको मांडवाकडे वळला होता.

नगरपालिकेच्या जीपमागे जोडून मिक्सर आणला आणि काम पुन्हा सुरू झालं. ऊन उतरलं तेव्हा साचा काठोकाठ भरला होता. जुंबेर भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेला. कुठे सांधा नव्हता.

मालखाझने फळीवर रुमाल पसरला. भाकर, चीज, कांदा. “या, साहेब. घासभर तरी खा.”

“मला तुमचं चालत नाही.”

“दारू नाही हो. भाकर आहे नुसती.”

“भाकरही.”

मालखाझने मान डोलावली. कंत्राटदाराच्या हातचं साहेबाने खायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. “पण बसा तरी. या गावात आल्यापासून माझ्यासमोर कुणी बसलेलं नाही.”

जुंबेर त्याच्यासमोर बसला. आपल्या पिशवीतला पाव काढून मांडीवर ठेवला.

नदीपलीकडे गाणं सुरू झालं. आधी एकट्याचा आवाज, मग वरचा, मग खालचा. बिचिकोच्या टेबलावर तो खालचा सूर नेहमी जुंबेरचा असायचा. आज तिथे दुसरंच कुणीतरी होतं. जुंबेर कान देऊन ऐकत राहिला. त्या माणसाने सूर नीट धरला होता, कुठेही सुटत नव्हता.