नकाशावरचं बोट

सकाळी सारसबागेतल्या बाकावर निवृत्त शिक्षक शरच्चंद्र सरांनी मोबाइलमधल्या नकाशावर बोट ठेवलं. "हे एक शहर उडवलं, की या दोन शेजारी देशांचं युद्ध संपलंच म्हणून समजा."

"अहो, तुमच्या होकारासाठीच थांबलेत ते," त्यांच्या पत्नी श्यामलाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी सरांच्या ऑनलाइन मराठी वर्गात तनया नावाची नवी मुलगी आली. विचारल्याशिवाय वर्गातून उठायचं नाही, हा नियम त्यांनी तिला समजावून सांगितला.

"कुठे राहतेस, बाळा?"

तिने नेमकं त्याच शहराचं नाव घेतलं. तेवढ्यात तिच्या खिडकीबाहेर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजू लागला.

"सर, तळघरात जाऊ?"

 

तनया त्यांच्या होकारासाठी थांबली होती.