डावी बाजू

"आणखी एकदा चाला काका. माझ्याकडे बघू नका, नेहमीसारखं चाला," चाल तपासणारी मुलगी म्हणाली.

"कुणी बघत असलं की नेहमीसारखं चालता येतं होय?" काचवाले पुटपुटले आणि काळ्या पट्टीवरून पुन्हा निघाले.

भिंतीशी बसलेल्या त्यांच्या बायकोने पर्स पोटाशी घट्ट धरली. समोरच्या पडद्यावर पावलं उमटत होती. उजवं लांब, डावं आखूड. तिचं लक्ष मात्र हातांकडे होतं. उजवा मजेत झुलत होता. डावा अंगाला चिकटून. थोरल्या दिरांचं असंच सुरू झालं होतं. आधी चालताना एक हात हलेनासा झाला. पुढे पुढे घास तोंडापर्यंत जाईना. कंपवात हा शब्द त्यानंतर घरात कुणी उच्चारत नसे.

मुलीने त्यांचं मनगट फिरवून पाहिलं, बोटं भराभर जुळवायला लावली. "हात तर छान सैल आहे. मग चालताना का हलत नाही?"

"मला काय विचारतेस? मला वाटतंय, हलतोय."

ते पुन्हा निघाले. पट्टीच्या टोकाला पोचल्यावर वळले, पण जागच्या जागी नाही. डावीकडे ऐसपैस जागा सोडून, लांबून, कोपर जरा आत घेत.

हे वळणं तिच्या ओळखीचं होतं. दुकानातल्या अरुंद वाटेत, गल्ल्यामागे बसून, तिने ते रोज पाहिलं होतं.

ती ताडकन उठली.

"अहो, ती काच खाली ठेवा आधी!"

मुलगी दचकली. काचवाले थबकले. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बोटं अर्धी मिटलेली होती, कशाची तरी खालची कड पेलून धरावी तशी. सावकाश त्यांनी ती उघडली.

"दुकान बंद करून वर्ष होत आलं," ती मुलीला सांगू लागली. आपण हसतोय की रडतोय, तिचं तिलाच कळेना. "जन्मभर या काखेत काच. हात हलला की गेलीच!"

"चाला बरं काका, आता रिकाम्या हातानं."

हात आधी अडखळला. मग झुलायला लागला. पडद्यावरचं डावं पाऊल हळूहळू उजव्याच्या मापाला आलं.

"डॉक्टर बघतीलच," मुलगी म्हणाली, "पण काकू, तुम्ही आता श्वास सोडा."

बाहेर आल्यावर ती सवयीने त्यांच्या उजवीकडून चालू लागली. लग्न झाल्यापासून तिची बाजू तीच, डावी काचेची. दोन पावलांवर ती थांबली, मागून वळसा घालून डावीकडे आली आणि त्यांच्या कोपरात हात अडकवला.

कोपर आपोआप अंगाशी आलं. बोटं मिटली.

"सांभाळून," ते म्हणाले.

"चला हो," ती म्हणाली, "मी नाही फुटायची."