मातीखालच्यांची परवानगी

एका हातात कोंबडा, दुसऱ्या हातात सुरी, आणि म्हाताऱ्याचं तोंड काही उघडेना. सगळी वसाहत ताटकळत उभी होती. विहीर खणण्याआधी वयानं सगळ्यांत मोठ्या माणसानं मातीखाली राहणाऱ्यांची परवानगी मागायची, कोंबड्याचं रक्त शिंपडायचं आणि मगच यंत्र लावायचं, ही पाम्पांगा प्रांताकडची रीत. न विचारता खणलं तर खालचे कोपतात. आज हा मान सेव्हेरिनोचा होता; त्याला सगळे तातांग, म्हणजे बाबा, म्हणत. वयानं मोठा, त्यातून अमेरिकेचा पाहुणा, आणि त्यातून रोवेनाबाईंचा बाप.

विहीर रोवेनाबाईंच्या संस्थेची. अमेरिकन लष्कराच्या तळानं मागे ठेवलेल्या विषानं इथली माणसं आजारी पडतात, हे तिनं कॅलिफोर्नियात वाचलं आणि तिथल्या आपल्या लोकांना गोळा केलं. तीन वर्षं दर रविवारी चर्चबाहेर शेवयांच्या थाळ्या विकल्या, तेव्हा कुठे हे यंत्र इथवर आलं. फलकावर विहिरीपेक्षा बाईंचा फोटो मोठा होता, पण तळमळ खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. सकाळच्या भाषणात तिनं नेहमीचं वाक्य म्हटलंच. "माझ्या बापानं या तळावर पंधरा वर्षं इमानानं नोकरी केली. एक खाडा केला नाही. त्या नोकरीवर आम्हाला अमेरिका मिळाली. आता परत देण्याची पाळी आमची." टाळ्या पडल्या. म्हातारा तेवढ्यापुरता बुटांकडे बघत होता. त्याला यायचंच नव्हतं, लेकीनं हट्टानं आणलं होतं.

पहिल्या रांगेत इमा, म्हणजे आई, म्हणून वसाहत जिला हाक मारायची ती पासिंग उभी होती. ज्वालामुखीनं गाव राखेत गाडलं, अमेरिकन निघून गेले, आणि सरकारनं गावाला तळाच्या या मोकळ्या जमिनीवर आणून बसवलं. इथली पहिली विहीर पासिंगनं आणि तिच्या नवऱ्यानं खणली. पोरं तहानेनं रडत होती, त्या घाईत परवानगी मागायची राहून गेली. पाण्यावर तेलासारखा तवंग यायचा, तो फडक्यानं गाळून सगळे पीत. सहा वर्षांची नात अजून मान धरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, पाण्यात विष आहे. पासिंग म्हणाली, असेल, पण ते माझ्याच विहिरीत का आलं? तेव्हापासून ती स्वतःलाच खात होती. आता लेकीला, मेर्लीला, पुन्हा सहावा महिना लागला होता. या बाळाच्या वेळी तरी मेर्लीच्या पोटात चांगलं पाणी जावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"तातांग, अमेरिकेत राहून मंत्र विसरलात काय?" यंत्रवाला दादो म्हणाला. "नसेल आठवत तर इंग्रजीत मागा. इतकी वर्षं तळाखाली राहून खालच्यांना इंग्रजी येत असेल."

लोक हसले. म्हातारा हसला नाही. "इथं नको," तो म्हणाला.

कोंबडा तसाच उलटा धरून तो पिंपरीच्या झाडापाशी गेला. थांबला, पायानं माती चाचपली आणि मान हलवली. मग प्रार्थनाघराच्या मागे गेला. तिथेही मान हलवली. मग शाळेच्या पत्र्याकडे. लोक त्याच्यामागून फिरत होते. म्हाताऱ्याला खालचं दिसतं, अशी कुजबूज सुरू झाली. रोवेना ओशाळून हसत सांगत होती, "ऊन लागलं असेल, वय झालंय त्यांचं."

पासिंगच्या अंगात मात्र बळ आलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला विचारायला कोणी भेटलं होतं. ती म्हाताऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"तातांग, दिसतात का हो तुम्हाला? फार रागावलेत का? त्यांना सांगा, चूक माझी होती. मी न विचारता खणलं. काय काढायचं ते माझ्यावर काढा म्हणावं, मेर्लीच्या पोटातल्यावर नको."

म्हाताऱ्याच्या हातातून कोंबडा सुटला आणि फडफडत पळाला. कोणी त्याच्यामागे धावलं नाही.

"तुझी चूक नाही, पोरी," तो म्हणाला. "खाली कोणी रागावलेलं नाही. खाली पिंपं आहेत. विमानं धुतलेल्या औषधांची, जळक्या तेलांची. गाडीतून आणायचो, खड्डा करायचो, वर माती लोटायचो. मीच पुरलीत."

"तातांग, तुम्ही तर गोदामात कारकून होता ना?" रोवेनाचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"घरी तसं सांगायचो."

दादोनं टोपी काढून हातात घेतली. गर्दीतून एक शिवी आली, मागोमाग दुसरी. पासिंगनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ती रडली नाही. रडायचं ते सहा वर्षं फुकट रडून झालं होतं, आणि त्याचा संताप तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. पण मेर्लीला सहावा महिना होता आणि यंत्र संध्याकाळी परत जाणार होतं.

"जे झालं ते झालं," ती म्हणाली. "तुमचं काय करायचं ते देव बघेल. आता जिथं पुरलं नाहीत ती जागा दाखवा. आम्ही तिथं खणतो."

म्हाताऱ्यानं झाडाकडे पाहिलं, शाळेकडे पाहिलं, प्रार्थनाघर, मक्याचा तुकडा, पासिंगचं घर, पार कुंपणापर्यंत नजर नेली आणि परत आणली.

"पंधरा वर्षं, पोरी," तो म्हणाला. "एक खाडा नाही."